वाया गेलेली सात वर्षे

“मुंबईत कुठे राहता?” असे कोणी विचारले की आम्हां दहिसरकरांची थोडी पंचाईत होते. ‘दहिसर’ म्हटले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘म्हणजे मुंबईबाहेर!’ असा भाव उमटतो. तो अगदीच चुकीचा नाही. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला वाढली, तेव्हा कुठे आमचे गाव मुंबईत आले. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. पुढे कित्येक वर्षे दहिसर लोकांना ठाऊक होते ते जकात नाक्यामुळे. २०१७ साली जकात गेली आणि आमची ती कीर्तीही गेली. आता मेट्रो आली आहे, उंच इमारती आल्या आहेत. पण पावसाळ्यात दहिसर नदी फुगली की गाव आपले जुने रूप अजून दाखवते.

या गावात मी वीस-बावीस वर्षे राहतो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. म्हणजे माझे अर्धे आयुष्य वर्गात आणि उरलेले अर्धे विरारहून येणाऱ्या गाडीत उभ्याने गेले आहे. हे सांगायचे कारण असे की, आजची ही प्रवासाची हकिगत फार लांबच्या प्रवासाची नाही. दहिसर ते फोर्ट, फोर्ट ते परळ आणि परळहून परत घरी, एवढाच तो प्रवास. ना बदरीकेदार, ना स्वित्झर्लंड. पण रोजच्या वाटेवर उतरून चार पावले बाजूला गेलो, तर काय भेटेल याचा नेम नसतो. मला एक स्कॉटिश न्यायाधीश भेटला, आणि तोही जाऊन दोनशे वर्षे होत आल्यावर!

सुरुवात झाली ती दिवाळीच्या साफसफाईने. आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. दर दिवाळीला सौभाग्यवती स्टुलावर चढते, तो डबा काढते, पुसते आणि विचारते, “अहो, हा टाकू का आता?” दर दिवाळीला मी “नको, राहू दे” म्हणतो. डबा पुन्हा वर जातो. त्या डब्यात माझा ग्रंथ आहे! म्हणजे ग्रंथाची कार्डे आहेत. एम.ए. झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते की, साष्टी आणि वसई भागातल्या गावांच्या नावांवर मी एक ग्रंथ लिहिणार. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून सहाशेच्या वर कार्डे केली होती. २६ जुलै २००५ च्या महापुरात नदी आमच्या तळमजल्यावर आली आणि जाताना निम्मी कार्डे लगदा करून गेली. उरलेली उन्हात वाळवून मी डब्यात भरली. लोकांना मी सांगतो, पुराने ग्रंथ नेला. खरी गोष्ट अशी की, पुराने निम्मीच कार्डे नेली होती. बाकीचा ग्रंथ माझ्या हातूनच झाला नाही.

तर यंदाही डबा पुसला गेला, प्रश्न विचारला गेला. या वेळी मात्र आमची मुलगी मध्ये पडली. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे आणि साक्षीपुराव्यावाचून बापाचेही ऐकत नाही. तिने डबा उघडला, वरचेच एक डागाळलेले कार्ड उचलले आणि वाचले, “मंडपेश्वर. बाबा, हे तर आपल्या इथलंच!”

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. आम्ही बापलेक मंडपेश्वरला गेलो. दहिसर आणि बोरिवली यांच्या मध्ये, वाहत्या रस्त्याच्या कडेला हे लेणे आहे. मूळचे ते शैव लेणे. सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. जाड खांबांचा मंडप, आत गाभारा, डाव्या अंगाच्या दालनात झिजून गेलेला तरी लय न हरवलेला नटराज. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांच्या धर्मगुरूंनी लेण्याचे चर्च केले आणि माथ्यावर मठ बांधला. एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला क्रूस आजही दिसतो. वरती मठाच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. शिव, क्रूस, भगवा आणि युनियन जॅक, एवढे सगळे ज्याने पाहिले, त्या लेण्यापुढच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळत होती.

“बाबा, जुन्या काळी या लेण्यांवर कोणी काही लिहून ठेवलंय का?” मुलीने विचारले.

मी प्राध्यापकी थाटात खाकरलो. पण उत्तर येईना. मंडपेश्वराच्या कार्डावर मी नावाची व्युत्पत्ती लिहिली होती, गावकऱ्यांची आख्यायिका लिहिली होती. पण कोणी काय लिहून ठेवले आहे, ते पाहायचे राहून गेले होते. वीस वर्षे राहून गेले होते! “एशियाटिकमध्ये पाहायला हवं,” मी म्हणालो. “मग शनिवारी जाऊ,” ती म्हणाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तारीख पाडण्याची सवय लवकर लागते. पण या मुलीने पुढची तारीख दिली नाही.

शनिवारी चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकावरून आम्ही हॉर्निमन सर्कलला पोहोचलो. टाउन हॉलच्या त्या तीस पायऱ्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. निदान चित्रपटांत तरी नक्की पाहिल्या असतील. पायऱ्यांवर तरुण मंडळी छायाचित्रे काढत बसतात. वर चढून आत गेले की मात्र काळ बदलतो. उंच छत, संगमरवरी पुतळे, जुन्या कागदाचा वास. याच सभागृहात भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासासाठी ग्रंथ चाळले. दुर्गाबाई भागवतांनी वर्षानुवर्षे बसून अभ्यास केला. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला, त्यात सापडलेले अवशेषांचे करंडकही याच संस्थेने सांभाळले. म्हणजे उपनगरांतून फोर्टात येणारे आपण पहिले नव्हे. आपल्या आधी सोपाऱ्याचा बुद्ध येऊन पोहोचला होता.

आम्हांला हवा होता तो ग्रंथ म्हणजे बॉम्बे लिटररी सोसायटीच्या निबंधांचा १८१९ साली छापलेला पहिला खंड. त्यात हेन्री सॉल्ट नावाच्या गृहस्थाचा साष्टीतल्या लेण्यांवरचा सचित्र लेख आहे. हा सॉल्ट पुढे इजिप्तमध्ये इंग्रजांचा कॉन्सल जनरल झाला. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मी वहीत टिपून घेतले. पण पुस्तक मिटण्याआधी मी सवयीने पहिले पान उघडले. खंडाच्या आरंभीच एक भाषण होते. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी सोसायटीच्या पहिल्या बैठकीत केलेले. बोलणारा होता संस्थेचा संस्थापक आणि पहिला अध्यक्ष, सर जेम्स मॅकिंतोश, मुंबईचा रेकॉर्डर.

“रेकॉर्डर म्हणजे?” मी विचारले. या वेळी उत्तर मुलीने दिले. कंपनी सरकारच्या काळात, १७९८ साली, मुंबईत रेकॉर्डरचे न्यायालय सुरू झाले. इंग्लंडच्या राजाने नेमलेला कायदेपंडित त्याचा प्रमुख असे. पुढे त्याचे सुप्रीम कोर्ट झाले आणि १८६२ साली आजचे हायकोर्ट. म्हणजे मॅकिंतोश हा मुंबईचा त्या काळचा सर्वांत मोठा न्यायाधीश.

घरी येऊन ही बातमी सांगितली, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “मॅकिंतोश म्हणजे तो रेनकोटवाला ना?” वाचकांचाही तसा समज होऊ नये म्हणून सांगतो: रबराच्या कापडाचा रेनकोट काढणारा तो चार्ल्स मॅकिंतोश; तोही स्कॉटिश, पण ग्लासगोचा रसायनतज्ज्ञ. टॉफीवाले मॅकिंतोश आणखी वेगळे. आमच्या मॅकिंतोशाच्या नावाने बाजारात काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो विसरला गेला.

पुढचे काही दिवस मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत होतो. जेम्सचा जन्म २४ ऑक्टोबर १७६५ चा, स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसजवळच्या ऑल्डौरी येथला. अ‍ॅबर्डीनला शिक्षण झाले, एडिंबरोला वैद्यक शिकून १७८७ साली तो डॉक्टर झाला. पण रोग्यांच्या नाडीपेक्षा राजकारणाची नाडी त्याला अधिक कळे. लंडनला आला आणि लिहू लागला. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. एडमंड बर्क या थोर वक्त्याने तिच्यावर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले. त्याला पंचविशीतल्या मॅकिंतोशने १७९१ साली उत्तर दिले ते असे की, इंग्लंडभर त्याचे नाव झाले. फ्रेंचांनी त्याला सन्मान्य नागरिकत्व दिले.

मग फ्रान्समध्ये रक्ताचे पाट वाहिले आणि मॅकिंतोशचे मन फिरले. तो बर्कच्या घरी जाऊन त्याला भेटला. आपले चुकले असे उघड म्हणू लागला. जुन्या मित्रांनी त्याला ‘फितूर’ ठरवले. दरम्यान तो बॅरिस्टर झाला होता. १७९९ साली लिंकन्स इनमध्ये त्याने कायद्यावर व्याख्याने दिली, ती ऐकायला मोठमोठी माणसे लोटली. १८०३ साली नेपोलियनची बदनामी केल्याच्या आरोपावरून पेल्तिए नावाच्या फ्रेंच निर्वासितावर लंडनमध्ये खटला झाला, त्याच्या बचावाचे मॅकिंतोशचे भाषण गाजले. खटला मात्र तो हरला! असा हा माणूस: बोलायला बृहस्पती, वाचनात बुडालेला, आणि खिसा रिकामा. इंग्लंडचा एक मोठा इतिहास लिहायचा, हे त्याचे स्वप्न. पण संसार वाढलेला. मुंबईच्या रेकॉर्डरची जागा मिळाली तेव्हा त्याने हिशेब केला: काही वर्षे चांगला पगार, पुढे निवृत्तिवेतन, आणि मग निवांतपणे ग्रंथ. ‘सर’ ही पदवी घेऊन तो बायकोमुलांसह जहाजात बसला आणि मे १८०४ मध्ये मुंबईत उतरला.

हा हिशेब वाचताना मला हसू आले आणि थोडे पोटात तुटलेही. ‘नोकरी लागू दे, मग निवांतपणे ग्रंथ’ हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटले आहे!

तो आला तो काळ आपल्या दृष्टीने फार वाईट होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो आमच्या दहिसरच्या पलीकडे, खाडीच्या त्या तीरावर, वसईला. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईत पेशवाईने आपली मान इंग्रजांच्या हाती दिली. मॅकिंतोश उतरला तेव्हा मराठ्यांशी युद्ध चालू होते, यशवंतराव होळकर एकटे झुंजत होते. हे विसरून या साहेबाचे गुणगान करणे मला जमणार नाही. तो कंपनीच्या राज्यातला न्यायाधीश होता. त्याच्या सोसायटीत हिंदी माणसाला सभासद व्हायला १८४० साल उजाडावे लागले. हे सगळे एका पारड्यात टाकूनच दुसऱ्या पारड्याकडे पाहायचे.

ते दुसरे पारडे मला दिसले ते लायन गेटसमोर. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे पुन्हा फोर्टात गेलो. टाउन हॉलवरून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला चालत निघाले की नौदलाच्या गोदीचे लायन गेट लागते. त्याच्यासमोर ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाची एक जुनी, थकलेली इमारत आहे. शेजारी स्कॉटिश लोकांचे सेंट अँड्र्यूज चर्च आहे, ते १८१९ चे. म्हणजे मॅकिंतोश गेल्यानंतरचे. या ग्रेट वेस्टर्न इमारतीत तेव्हा रेकॉर्डरचे न्यायालय भरत असे. आज खाली रहदारीचा गोंगाट, भिंतींना तारांचे जाळे. मुलगी म्हणाली, “इथे माणसांना फाशी सुनवत असतील.”

मी पिशवीतून वही काढली आणि तिथेच फुटपाथवर उभ्या उभ्या तिला आकडे वाचून दाखवले.

जुलै १८११ मध्ये, निरोप घेताना, मॅकिंतोशने ज्युरीपुढे एक हिशेब मांडला होता. मे १७५६ ते मे १७६३ या सात वर्षांत मुंबईच्या न्यायालयात देहान्ताची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यांत १४१ जण दोषी ठरले होते. त्यांतल्या ४७ जणांना फासावर चढवले गेले. मे १८०४ ते मे १८११ या त्याच्या स्वतःच्या सात वर्षांत अशा गुन्ह्यांत १०९ जण दोषी ठरले. फासावर गेले किती? एकही नाही.

“एकशे नऊमधला एकही नाही?” मुलगी थांबली. “मग गुन्हे वाढले असतील.”

हाच प्रश्न त्यानेही स्वतःला विचारला होता. पन्नास वर्षांत मुंबईची वस्ती दुपटीहून अधिक झाली होती. न्यायालयाच्या अमलाखालचे लोक दोन लाखांच्या खाली नव्हते, आणि शिवाय हजारो गोरे सैनिक. पूर्वीच्या प्रमाणाने गुन्हेगारी राहिली असती, तर वर्षाला सुमारे ४० जण दोषी ठरायला हवे होते. प्रत्यक्षात सरासरी १५-१६ च्या मध्येच राहिली. खुनाचे प्रमाणही पूर्वीपेक्षा उतरले होते. फाशी थांबवली म्हणून मुंबई बुडाली नाही, कोणाचा जीव की मालमत्ता अधिक धोक्यात आली नाही, असे त्याने आकड्यांनिशी दाखवले. आणि हे कोणत्या काळात? इंग्लंडच्या कायद्यात देहान्ताचे दोनशेवर गुन्हे होते. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला तरी गळ्याला दोर!

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्या सुप्रीम कोर्टाने ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’ प्रकरण असेल तरच फाशी, असं म्हटलं ते १९८० साली. आम्हांला आत्ताच शिकवलं.” तिने इमारतीकडे पुन्हा एकदा पाहिले. या वेळी तिची नजर निराळी होती.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. दोन तरुण अधिकाऱ्यांवर, काही डच माणसांना वाटेत गाठून ठार मारण्याच्या कटाचा गुन्हा शाबित झाला. मॅकिंतोश शिक्षा देताना जितके सौम्य होता येईल तितके व्हावे या विचारात होता. एवढ्यात त्याला खात्रीची बातमी मिळाली की, हे दोघे भर न्यायालयात स्वतःचा जीव देणार आहेत, आणि त्याआधी न्यायाधीशावर वार करणार आहेत. आपण असतो तर काय केले असते? निदान शिक्षा तरी वाढवली असती. मॅकिंतोशने न्यायासनावरून त्यांना ही बातमी आपल्याला कळल्याचे सांगितले आणि शिक्षा दिली ती बारा महिन्यांच्या कैदेची. स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाबद्दलचा राग त्याने निकालपत्रात येऊ दिला नाही. शहराचे पोलीस अधिकारी लोकांना न्यायालयापुढे रीतसर उभे न करता फटके मारत, हद्दपार करत. त्या कारभारालाही त्याने बेकायदा म्हटले. १८१२ साली पोलिसांसाठी नवे नियम झाले, त्यामागे त्याची ही टीका होती.

तिथून आम्ही सी.एस.एम.टी.ला येऊन परळची गाडी धरली. परळच्या स्टेशनाबाहेर पडून आचार्य दोंदे मार्गाने गेले की हाफकिन इन्स्टिट्यूट लागते. लस म्हटली की महाराष्ट्राला आठवते ते हेच हाफकिन; १८९९ पासून ही प्रयोगशाळा येथे आहे. त्याआधी ही वास्तू मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होती, आणि त्याच्याही आधी पोर्तुगीज धर्मगुरूंचा मठ. मंडपेश्वराचे आणि हिचे नाते असे जुने! गव्हर्नर जोनाथन डंकन, तोही स्कॉटिशच. त्याने हा बंगला मॅकिंतोशला राहायला दिला. याच घरात ती २६ नोव्हेंबर १८०४ ची बैठक भरली.

शनिवारची दुपार होती. फाटकावरच्या रखवालदाराने परवानगीची चिठ्ठी मागितली. ती आमच्याकडे नव्हती. “बाहेरूनच बघा साहेब,” तो समजुतीने म्हणाला. मग आम्ही झाडांच्या फटीतून दिसेल तेवढी वास्तू पाहिली.

या घरात मॅकिंतोश सुखी नव्हता. मुंबई त्याला हद्दपारी वाटे. लंडनच्या बैठकी, तिथले मित्र, ती चर्चा, हे सगळे हजारो मैल दूर. हवा सोसेना, प्रकृती बिघडली. १८१० साली पत्नी मुलांना घेऊन इंग्लंडला परतली आणि तो एकटा उरला. तो पुस्तकांचे ढीग वाचे, टिपणे काढे, बेत आखी. पण ग्रंथाचे पान पुढे सरकेना. आपली उमेदीची वर्षे वाया चालली, ही टोचणी त्याला सतत लागून राहिली. नोव्हेंबर १८११ मध्ये तो मुंबई सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानात इतिहास नव्हता, इतिहासाचे बेत होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १८१३ साली तो पार्लमेंटात निवडून आला आणि मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडता, तिथे राहिला. हेलिबरीच्या कॉलेजात, जिथे कंपनीचे अधिकारी तयार होत, तिथे त्याने काही वर्षे कायदा शिकवला. म्हणजे तोही आमच्याच बिरादरीतला! १८१९ साली त्याने सरकारच्या विरोधाला न जुमानता देहान्त शिक्षेचा विचार करणारी समिती नेमण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १८२० साली तिच्या शिफारशींवर सहा विधेयके मांडली. त्यांतली तीन कायदा झाली. दोनशे गुन्ह्यांच्या त्या भिंतीचे पहिले दगड निखळले. मुंबईच्या सात वर्षांचा हिशेब त्याआधीच त्याच्या गाठीशी होता. बाकीचे ग्रंथकार युक्तिवाद करत होते. याने स्वतःच्या न्यायासनावर करून पाहिले होते.

आणि तो मोठा ग्रंथ? तो अपुराच राहिला. १८३२ साली जेवताना कोंबडीचे हाड घशात अडकले, त्या दुखण्यातून तो उठला नाही. ३० मे रोजी तो गेला. इंग्लंडच्या १६८८ च्या क्रांतीचा जो भाग लिहून झाला होता, तो १८३४ साली त्याच्या मागे छापला गेला. त्याच्या देशबांधवांनी त्याला ‘आशा दाखवली, पण पुरी केली नाही’ अशा माणसांच्या यादीत टाकले.

परळच्या पुलावरून पलीकडे प्रभादेवी स्टेशनात जाताना मी हेच मुलीला सांगत होतो. या स्टेशनाचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. एल्फिन्स्टन हाही स्कॉटिश. त्याचे नाव स्टेशनाला लागले आणि पुसलेही गेले. मॅकिंतोशचे नाव आपल्या तोंडी कधी बसलेच नाही. पण परळच्या त्या बैठकीतून उगवलेली संस्था आज तीस पायऱ्यांवर उभी आहे, आणि तिच्यात एक लाखाहून अधिक ग्रंथ आहेत. तिच्या अध्यक्षपदी १८९२ साली पहिला हिंदी माणूस बसला, तो आपला काशिनाथ त्रिंबक तेलंग: हायकोर्टाचा न्यायमूर्ती, भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवादक आणि १८८५ च्या पहिल्या काँग्रेसच्या उभारणीतला एक. राजकारणी आणि न्यायाधीश, दोन्ही. मॅकिंतोशने मांडलेल्या खुर्चीवर तेलंग बसतील, हे १८०४ साली कोणाच्या स्वप्नात तरी आले असेल का?

“म्हणजे बाबा,” मुलगी म्हणाली, “ज्या वर्षांत आपण काहीच करत नाही असं त्याला वाटत होतं, त्याच वर्षांत एकशे नऊ माणसं वाचली.”

गाडी आली म्हणून उत्तर द्यावे लागले नाही. बोरिवलीपर्यंत उभे राहावे लागले. मग जागा मिळाली. दहिसर जेमतेम एक स्टेशन उरले होते, तरी बसलो. माझ्या डोक्यात तिचेच वाक्य घोळत होते. मी काही कोणाचा जीव वाचवला नाही. पण इतकी वर्षे या गाडीतून जाऊन काही शे मुलांना मराठी शिकवले. कोणी शिक्षक झाले, कोणी वर्तमानपत्रात गेले, एक मुलगा मागच्या वर्षी आपले पुस्तक घेऊन घरी आला होता. ती वर्षे मी ‘ग्रंथ राहिला’ या एकाच सदराखाली टाकून दिली होती. पण खरे सांगायचे तर मॅकिंतोशच्या आडोशाला लपायचीही मला सोय नव्हती. त्याने बेत अपुरे ठेवले, पण जे हातात होते ते दुसऱ्यांसाठी उघडून ठेवले. माझी कार्डे डब्यात बंद होती, आणि ज्या म्हाताऱ्यांनी ती नावे सांगितली, त्यांतले आज बहुतेक कोणी नाहीत.

घरी आलो. सौभाग्यवती चकल्या तळत होती. मी स्टूल ओढले आणि डबा खाली काढला. ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. “काय, टाकताय शेवटी?”

“नाही,” मी म्हटले. “मोजतोय.”

तीनशे बारा कार्डे निघाली. ग्रंथ होईल की नाही, हे आता मी कोणाला सांगत नाही. रोज रात्री दहा कार्डे मी स्वच्छ अक्षरात उतरवतो आणि मुलगी ती संगणकावर चढवते. पुरी झाली की एक प्रत आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक एशियाटिकला द्यायची, म्हणजे ज्याला लागतील त्याला वापरता येतील. पहिले कार्ड मंडपेश्वराचे घेतले. पुराच्या डागाखालची शाई भिंगातून वाचली, खाली सॉल्टच्या लेखाची नोंद केली. वाचून झाल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, इथे खेळणाऱ्या पोरांना या जागेला काय म्हणता, ते विचारायचं राहिलं.”

पाडव्याच्या सकाळी जाणार आहोत.